एका बाटलीचा हिशेब: पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीवरची एक चाचणी

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्यांचा एक गट आहे. कोणाचं १० गुंठ्यांचं, कोणाचं २० गुंठ्यांचं, जवळपास सगळ्यांचं पीक एकच: रंगीत ढोबळी मिरची. खतं, रोपं, क्रेट अशी खरेदी ते एकत्र करतात. गटाचे प्रमुख आबा. त्यांची सून वृषाली कृषी पदवीधर आहे आणि हिशेबाची वही तिच्याकडे असते. (नावं बदलली आहेत. गावाचा आणि उत्पादनाचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे.)

समुद्री शेवाळाच्या अर्काचं एक जैवउत्तेजक (झाडाची वाढ आणि उत्पादन सुधारण्यासाठी द्यायचं द्रव्य) विकायला एक प्रतिनिधी गटाकडे यायचा. त्याच्या मोबाईलमध्ये शेजारच्या गावातल्या दोन पॉलिहाऊसचे फोटो होते. एकात बाटली वापरलेली, दुसऱ्यात नाही. वापरलेल्यात १८ टक्के माल जास्त निघाला, असं त्याचं म्हणणं होतं. शेतकरी खरे होते, आकडेही खरे असावेत. संपूर्ण गटासाठी हंगामभराचा माल एकदम उचलला तर दर कमी करून मिळणार होता.

जैवउत्तेजकं २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. तोवर या बाजारात कोणीही काहीही बाटलीत भरून विकायचं. आता नोंदणी लागते. पण नोंदणी झालेलं उत्पादन आपल्या मातीत, आपल्या वाणावर, आपल्या खर्चात परवडेल की नाही, याचं उत्तर नोंदणीच्या कागदातून मिळत नाही. गटाने मला बोलावलं ते एवढ्याच प्रश्नासाठी.

अडचण

फोटोतल्या दोन पॉलिहाऊसची चौकशी वृषालीने फोनवर केली. बाटलीवाल्या पॉलिहाऊसचा कागद (छपराचं प्लास्टिक) त्याच वर्षी बदललेला होता. दुसऱ्याचा चार वर्षांचा, धूळ बसून पिवळट झालेला. लागवडीत १२ दिवसांचा फरक. छाटणी करणारे मजूर वेगळे. मग ते १८ टक्के कशाचे? नव्या कागदातून जास्त आलेल्या उजेडाचे, लवकर लागवडीचे, मजुरांच्या हाताचे की बाटलीचे? हे सगळं एकाच बाजूला जमलेलं असल्यामुळे कोणाचा वाटा किती, हे सांगता येणं शक्यच नव्हतं.

यावर प्रतिनिधीचं उत्तर तयार होतं: "साहेब, दोन्हीकडे अडीच-अडीच हजार झाडं आहेत. एवढ्या झाडांवर दिसलंय म्हणजे काही कमी नाही."

झाडं अडीच हजार असली तरी पॉलिहाऊस दोनच आहेत. बाटली झाडाला दिलेली नाही, पॉलिहाऊसला दिली आहे. म्हणजे तुलना एकास एक अशी झाली, तिची पुनरावृत्ती शून्य. एकाच छपराखालची झाडं एकमेकांची साक्ष देत नाहीत. त्यांना ऊन, वारा, पाणी, मजूर सगळं सारखंच मिळालेलं असतं. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या गफलतीला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं. त्यांनी १७६ प्रकाशित प्रयोग तपासले, त्यातल्या २७ टक्क्यांत ती सापडली. जिथे संशोधकांची ही गत, तिथे बाटली विकणाऱ्याला काय दोष द्यायचा?

आधी पैशाचा प्रश्न

चाचणी कशी करायची हे ठरवण्याआधी एक हिशेब मांडला. आबांच्या २० गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये ५,१०० झाडं बसतात. एका झाडाला १०० मिली द्रावण, लिटरला ३ मिली मात्रा. एका वेळेला दीड लिटर औषध लागतं. ९०० रुपये लिटरने दर पंधरवड्याला, आठ महिने, म्हणजे १६ वेळा: साधारण २२ हजार रुपये. मिरचीला सरासरी ४० रुपये किलो धरले तर हा खर्च फिटायला ५५० किलो जादा माल निघायला हवा. झाडामागे साडेतीन किलोने एकूण उत्पादन सुमारे १८ टन. म्हणजे खर्च वसूल व्हायला ३ टक्के वाढ पुरेशी आहे.

दावा १८ टक्क्यांचा आणि गरज ३ टक्क्यांची. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवल्यावर चाचणीचा खरा पेच दिसतो. १८ टक्के खरे की खोटे, हे एका पॉलिहाऊसमध्ये सहज कळू शकतं. ३ टक्के मात्र कळणं फार अवघड.

कारण असं. एकाच पॉलिहाऊसमध्ये, काहीही वेगळं न करता, शेजारशेजारच्या तुकड्यांच्या उत्पादनात सहज ८ टक्क्यांपर्यंत चढउतार असतो. एवढ्या चढउतारात प्रत्येक उपचाराचे (तुकड्याला बाटली, पाणी असं जे द्यायचं त्याचे) ६ तुकडे ठेवले, तर १० टक्क्यांच्या आतला फरक योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. ३ टक्क्यांचा फरक भरवशाने पकडायचा तर प्रत्येक उपचाराचे ११० च्या आसपास तुकडे लागतील. ४० झाडांचा एक तुकडा धरला तर एका उपचारालाच ४,४०० झाडं. आबांचं अख्खं पॉलिहाऊस त्यात संपतं.

हे ऐकून आबा म्हणाले, "मग करायचीच कशाला चाचणी?"

प्रश्न रास्त होता आणि त्यावर गटात बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: चाचणी करायची ती १८ टक्क्यांचा दावा तपासायला. त्यातून छोट्या फरकाबद्दल जे हाती लागेल ते 'अंदाज' म्हणून घ्यायचं, 'सिद्ध झालं' किंवा 'फोल ठरलं' म्हणायचं नाही. हे वाक्य वृषालीने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सह्यांची कल्पना तिचीच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गटाला सगळ्यात सोपा वाटत होता: दोन सभासदांची पॉलिहाऊस घ्यायची, एकात द्यायचं, दुसऱ्यात नाही. तो लगेच बाद झाला. फोटोवाल्याने जे केलं तेच आपण पुन्हा कशाला करायचं?

दुसरा, एकाच पॉलिहाऊसचे दोन भाग. पूर्वेच्या अर्ध्यात बाटली, पश्चिमेच्या अर्ध्यात पाणी. इथे वृषालीची वही कामी आली. आधीच्या हंगामात तिने प्रत्येक तोड्याला कुठल्या बेडमधून किती क्रेट भरले, हे उभ्या रेघा ओढून लिहून ठेवलं होतं. बेड ३०, उत्तर-दक्षिण, प्रत्येक ४० मीटर लांब. पश्चिमेकडून १ ते ३० क्रमांक. वहीचं पान आडवं धरलं की गोष्ट नुसत्या डोळ्यांनी कळत होती. १ ते ५ क्रमांकांच्या बेडपुढे रेघा विरळ, मधल्या बेडपुढे दाट, २६ नंतर पुन्हा थोड्या विरळ. पश्चिमेच्या पडद्यालगत दुपारचं ऊन आणि गरम वारा थेट लागतो, तिथे फुलगळ जास्त. कडेच्या आणि मधल्या बेडमधला फरक जवळपास चौथाईचा होता. अशा जागी अर्धा-अर्धा भाग केला असता तर पूर्वेला काहीही दिलं असतं तरी तेच जिंकलं असतं. साखरपाणी दिलं असतं तरी.

तिसरा पर्याय एकाआड एक बेड. प्रत्येक लॅटरलला (बेडवरच्या ठिबकच्या नळीला) वेगळी चावी बसवायची आणि व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात औषध ओढून घेणाऱ्या जोडणीतून) औषध सोडायचं. शेतकरी प्रत्यक्षात असंच देणार, म्हणून हा पर्याय मला आवडत होता. पण ३० चाव्या, दुसरी टाकी, आणि दर वेळी लाईन धुऊन घेण्याची कटकट. लॅटरलमध्ये आधीच्या फेरीचं औषध उरलं तर पाण्याच्या बेडलाही थोडी बाटली मिळाली असती. शिवाय एकाआड एक म्हणजे ठरावीक क्रम. छपराच्या गटरची (पन्हळीची) सावलीही ठरावीक अंतराने पडते. दोन्ही क्रम जुळले तर फसगत.

चौथा: बेडमधल्या छोट्या तुकड्यांना हाताने आळवणी, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी द्रावण ओतणं. कष्ट जास्त, पण कुठल्या झाडाला काय मिळालं यात शंका नाही. हाच घेतला.

आखणी

कडेचे दोन-दोन बेड सोडले. उरलेल्यांतून तीन-तीन लगतच्या बेडचे सहा ब्लॉक केले: ३ ते ५, ७ ते ९, १२ ते १४, १७ ते १९, २२ ते २४ आणि २६ ते २८. ब्लॉक करताना विचार एवढाच होता की एका ब्लॉकमधल्या तीन बेडना ऊन-वारा शक्य तितका सारखा मिळावा. ब्लॉक-ब्लॉकमध्ये फरक असला तरी चालेल. तो नंतर गणितात बाजूला काढता येतो.

प्रत्येक बेडच्या मधोमध ९ मीटरचा तुकडा, त्यात दोन ओळी मिळून ४० झाडं. टोकाला दाब कमी पडतो म्हणून टोकं घेतली नाहीत. आळवणी चाळीसही झाडांना करायची, पण वजन मधल्या २४ झाडांचंच. दोन्ही बाजूंची आठ-आठ झाडं राखण म्हणून. राखणीची झाडं "फुकट जातात" यावरून एका सभासदाने कुरकुर केली. माल विकलाच जाणार होता, फक्त तराजूवर चढणार नव्हता, एवढं सांगितल्यावर तो गप्प बसला.

उपचार तीन. पहिला नुसतं पाणी, तेही तेवढंच, १०० मिली. हे महत्त्वाचं, कारण एप्रिल-मेच्या उन्हात जादा पाण्यानेसुद्धा फरक दिसू शकतो. दुसरा बाटली. तिसऱ्याचा आग्रह गटातल्या एका जुन्या शेतकऱ्याचा: "हे सगळं पोटॅशचं काम आहे." शेवाळाचा अर्क काढताना पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, त्यामुळे त्यात पोटॅश असतं, हे त्यांचं म्हणणं बरोबरच. म्हणून तिसरा उपचार: बाटलीत जेवढं पोटॅश तेवढंच पाण्यात मिसळून.

कुठल्या बेडला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. प्रत्येक ब्लॉकसाठी तीन चिठ्ठ्या, वेगळ्या. तिसऱ्या आणि चौथ्या ब्लॉकमध्ये नेमका सारखाच क्रम आला. आबांना ते खटकलं. "सलग सारखं आलंय, परत टाक गं." वृषालीने विचारलं, "आबा, वेगळं आलं असतं तर परत टाकायला सांगितलं असतं का?" चिठ्ठ्या परत टाकल्या नाहीत. मनाजोगता क्रम येईपर्यंत चिठ्ठ्या टाकत राहणं म्हणजे आपणच क्रम ठरवणं.

द्रावण कोणतं हे तोडणाऱ्यांना कळू नये म्हणून तिन्ही द्रावणं लाल, निळ्या आणि पिवळ्या कॅनमध्ये भरायची, असं ठरलं. रंगाचा अर्थ एकट्या वृषालीला माहीत. पण अर्काला सुकटीसारखा वास येतो, तो काही कॅनमध्ये लपत नाही. आळवणी करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून आळवणीचा माणूस आणि तोडणीच्या मावश्या वेगळ्या ठेवल्या आणि आळवणी नेहमी तोड्याच्या दुसऱ्या दिवशी केली.

मजुरांचा प्रश्न आखणीत बहुतेक जण विसरतात. ढोबळी मिरचीत छाटणी करणाऱ्याच्या हातावर बरंच काही अवलंबून असतं. शेंडे कोणते ठेवायचे, पहिलं फळ काढायचं की नाही, आणि तोडताना फळ किती रंगलं म्हणजे पुरे. आबांकडे दोन मावश्या कायम कामाला. एकीचा हात जपून, दुसरीचा मोकळा. एकीने लाल कॅनचे तुकडे आणि दुसरीने निळ्याचे केले असते तर चाचणी मावश्यांची झाली असती. म्हणून पहिले तीन ब्लॉक पूर्ण एकीकडे, उरलेले तीन पूर्ण दुसरीकडे. हाताचा फरक असा ब्लॉकच्या फरकात मिसळून गेला. तोडा सुरू केला की ब्लॉक अर्धा सोडून उठायचं नाही, हाही नियम.

नियमांचं पान असंच वाढत गेलं. तुकड्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त झाडं गेली तर तो तुकडा गाळायचा, कमी गेली तर उरलेल्या झाडांच्या सरासरीवर धरायचा. कीडनाशक फवारणी सगळ्या पॉलिहाऊसला एकदम. शेवटचा तोडा ऑगस्टअखेर, त्याआधी बेरीज कोणालाही सांगायची नाही. सगळं पहिल्या आळवणीच्या आधी लिहिलेलं.

प्रत्यक्ष हंगाम

लागवड जानेवारीत झाली, वजनं एप्रिलपासून सुरू. वजनकाटा क्रेटच्या शेजारी एका फळीवर ठेवलेला, फळीला पाणसळ लावून. प्रत्येक तोड्याला १८ तुकडे, १८ पिशव्या, १८ आकडे.

मेमध्ये दोन गोष्टी घडल्या.

एक वळवाचा पाऊस. वाऱ्याने पश्चिमेच्या पडद्याची दोरी तुटली आणि पहिल्या ब्लॉकमधल्या एका तुकड्यातली पाच झाडं सुतळीसकट आडवी झाली. चोवीसातली पाच. नियमाप्रमाणे तुकडा राहिला, वजन उरलेल्या १९ झाडांवरून धरलं. तो तुकडा पाण्याचा निघाला की बाटलीचा, हे त्या क्षणी कोणालाही बघावं लागलं नाही. नियम आधी लिहून ठेवल्याचा फायदा तो हाच.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. आकडे गुप्त असले तरी क्रेट गुप्त नसतात. पहिल्या चार तोड्यांनंतर आबांच्या लक्षात आलं की लाल कॅनच्या पिशव्या जड लागतायत. मिरचीला भाव चांगला होता. त्यांनी वृषालीला सांगून टाकलं, "आता कशाला वाट बघायची? लाल कॅन सगळीकडे सुरू कर."

तिने मला फोन केला. चार तोड्यांची बेरीज तिने वाचून दाखवली. लाल कॅन पाण्याच्या १४ टक्के पुढे होता, आणि लाल म्हणजे बाटलीच.

पर्याय तीन होते. चाचणी बंद करून सगळीकडे बाटली सुरू करायची. चाचणीचे तुकडे तसेच ठेवून उरलेल्या पॉलिहाऊसला बाटली द्यायची. किंवा थांबायचं. मधला पर्याय कागदावर चांगला दिसतो, पण राखणीच्या झाडांपलीकडे लगेच बाटलीचे बेड आले असते आणि ठिबकमधून देताना चाचणीचे तुकडे त्यातून वगळता आले नसते. थांबायचं ठरलं, कारण पहिल्या तोड्यांत माल थोडा असतो. कुठल्या झाडाने आधी फळ धरलं यावर सगळं अवलंबून असतं, आणि दहा-पंधरा टक्क्यांचा फरक कुठल्याही बाजूला येऊ-जाऊ शकतो. फरक आवडला की थांबायचं आणि नाही आवडला की चालू ठेवायचं, असं केलं तर प्रत्येक चाचणी कधी ना कधी 'यशस्वी' होते. आबांना हे पटलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी सुनेचा शब्द राखला, एवढंच.

जूनमध्ये आळवणी करणाऱ्याने एका दिवशी चौथ्या ब्लॉकमध्ये पिवळा आणि निळा कॅन उलटा दिला. त्याने स्वतःहून येऊन सांगितलं. वहीत तारीख आणि बेड क्रमांक लिहिला, तुकडे गाळले नाहीत. चिठ्ठीत जे आलं होतं त्याच नावाने ते मोजले. अनेक आळवण्यांतली एक चुकल्याने निकाल बदलत नाही. मात्र चुकलेले तुकडे गाळायला सुरुवात केली की नकोसे तुकडे गाळायचा मोह मागोमाग येतो. पावसाळ्यात फुलकिडे आणि पिवळा कोळी नेहमीप्रमाणे आले. फवारण्या सगळीकडे सारख्या झाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निकाल

आकडेमोड वृषालीने स्वतः केली. गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने 'वॅस्प' नावाचं साधन मोफत उपलब्ध करून दिलं आहे, त्यात तुकड्यांचे आकडे भरले की ब्लॉकचा फरक वेगळा काढून निकाल मिळतो.

२४ झाडांमागे सरासरी उत्पादन असं आलं: पाणी ५५.४ किलो, पोटॅश ५६.५ किलो, बाटली ५८.२ किलो. तुकड्यांमधला चढउतार ६ टक्के, म्हणजे धरलेल्या ८ टक्क्यांपेक्षा कमी. सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स) ४.४ किलो. दोन सरासऱ्यांत ४.४ किलोपेक्षा जास्त अंतर असेल तरच ते योगायोगापलीकडचं मानायचं. बाटली आणि पाण्यातलं अंतर २.८ किलो. म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. मेमधले १४ टक्के ऑगस्टअखेर ५ टक्क्यांवर आले होते.

ब्लॉक केलेच नसते, त्याच १८ तुकड्यांना सरसकट चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तर कडेच्या आणि मधल्या बेडमधला सगळा फरक चढउतारात धरला गेला असता आणि सी.डी. सव्वासात किलोच्या घरात गेली असती. जुन्या क्रेटच्या रेघांनी एवढं काम केलं, एक रुपयाही खर्च न होता.

'फरक सिद्ध झाला नाही' म्हणजे 'फरक नाही' असं नाही, हे गटाला समजावून सांगणं सगळ्यात कठीण गेलं. २.८ किलोच्या दोन्ही बाजूंना ४.४ किलो जागा सोडली तर खरा फरक उणे १.६ किलोपासून अधिक ७.२ किलोपर्यंत कुठेही असू शकतो. टक्क्यांत सांगायचं तर उणे ३ ते अधिक १३. १८ टक्के या पट्ट्यात बसत नाहीत, म्हणजे मूळ दावा इथे तरी टिकला नाही. पण खर्च वसूल करणारे ३ टक्के पट्ट्याच्या आतच आहेत, आणि शून्यही आतच आहे. पहिल्या पानावर सह्या घेऊन लिहिलं होतं, तसंच झालं.

पोटॅशच्या आकड्याकडेही नीट बघायला हवं. बाटलीतलं पोटॅश झाडामागे एका आळवणीला फार तर २०-३० मिलिग्रॅम भरतं. आबा एक दिवसाआड ठिबकमधून १३:०:४५ हे खत (त्यात ४५ टक्के पोटॅश) एक किलो सोडतात. पंधरवड्यात त्यातूनच प्रत्येक झाडाला ६०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅश मिळतं. त्यापुढे ही भर नगण्य. म्हणजे पोटॅशचे सहा तुकडे जवळजवळ पाण्याचेच होते, तरीही ते पाण्यापेक्षा १.१ किलोने पुढे निघाले. नुसत्या योगायोगाने २ टक्के इकडेतिकडे होतात ते असे.

गटाने काय केलं

एकदम खरेदीचा प्रस्ताव गटाने फेटाळला. प्रतिनिधीला निकालाचं पान दाखवलं. त्याने दर आणखी कमी करून दिला, आकड्यांवर मात्र काही बोलला नाही. एका सभासदाने स्वतःपुरती बाटली घेतली. त्याचा हिशेब असा: सगळ्यात जवळचा अंदाज ५ टक्क्यांचा आहे आणि नव्या दराने खर्च २ टक्क्यांत फिटतो, मग खेळून बघायला काय हरकत आहे? यात तर्काची चूक नाही. जोखीम त्याची, पैसे त्याचे, आणि खात्री नाही हे त्याला माहीत आहे. आबांनी घेतली नाही. ते म्हणाले, त्या २२ हजारांत पश्चिमेच्या पडद्याजवळ शेडनेटची आणखी एक पट्टी लागेल. वहीतली चौथाईची घट बघता मलाही तेच जास्त पटतं. अर्थात शेडनेटचा फायदाही अजून कोणी मोजलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पोटॅशचा हिशेब आधी केला असता तर तो उपचार ठेवायची गरज पडली नसती. त्याच १८ तुकड्यांत दोन उपचार आणि नऊ ब्लॉक बसले असते. जुन्या सभासदाचा मान राखणं गटासाठी आवश्यक होतं, हे मान्य. पण तो मान कागदावर गुणाकार करून दाखवूनही राखता आला असता.

तुकडे मोठे आणि थोडे घेण्यापेक्षा लहान आणि पुष्कळ घ्यायला हवे होते. ६ ब्लॉक आणि तुकड्यात २४ झाडं मोजण्याऐवजी १२ ब्लॉक आणि १२ झाडं घेतली असती तरी वजन करायची झाडं ४३२ च राहिली असती. राखणीची झाडं वाढली असती, पिशव्या दुप्पट झाल्या असत्या. मावश्यांचा वेळ वाढला असता, पण सी.डी. खाली आली असती.

पहिल्या आळवणीआधी प्रत्येक तुकड्यातल्या झाडांची उंची आणि बुंध्याची जाडी मोजून ठेवायला हवी होती. रोपवाटिकेतून आलेले ट्रे एकसारखे नव्हते. कुठल्या तुकड्याला सुरुवातीलाच जोमदार रोपं मिळाली हे माहीत असतं तर गणितात तेवढी सूट देता आली असती. मेमधल्या १४ टक्क्यांतही रोपांचा हात असू शकतो. आता ते शोधायला मार्ग नाही.

प्रतवारीची नोंद अर्धवट राहिली. बाजारात भाव वजनासोबत आकार आणि रंगावर ठरतो. सुरुवातीला 'ए' प्रतीची फळं वेगळी मोजली, जुलैच्या गर्दीत ते सुटलं. अर्धवट आकडे निकालात धरले नाहीत.

सगळ्यात मोठी मर्यादा आखणीतली नव्हतीच. पॉलिहाऊस एक, हंगाम एक, वाण एक. बाटली देण्याची पद्धतही हाताची, शेतकरी देणार ती ठिबकची. पुढच्या हंगामात गटातले पाच जण आपापल्या पॉलिहाऊसमध्ये बाटली आणि पाण्याच्या फक्त चार-चार जोड्या लावणार आहेत, चिठ्ठ्या टाकून. जोडीतले दोन्ही बेड लगतचे, तोडणारी मावशी एकच. प्रत्येकाच्या पॉलिहाऊसमध्ये निवडलेल्या आठ लॅटरलना चाव्या बसवायचा खर्च गटाच्या खात्यातून निघेल. पाचांपैकी दोघांकडे क्रेटची बेडवार नोंद नाही. ती या हंगामातल्या शेवटच्या तोड्यांपासून सुरू केली आहे.